शेजारी एकत्र का येतात? एका दिवसाचा ‘पंतप्रधान’ आणि सहा वसाहतींचा हिशेब

दादरा-नगर हवेली भारतात आली, गोवा महाराष्ट्रात आला नाही, ऑस्ट्रेलिया झाला आणि वेस्ट इंडिज फक्त क्रिकेटपुरता उरला. शेजाऱ्यांचं जुळतं कधी आणि फिसकटतं कधी?

‘कॉलनी’ म्हटलं की आपल्या ठाण्यात आधी डोळ्यासमोर येतात त्या बिल्डिंगा. खोपट, पाचपाखाडी, नौपाडा भागात फिरलं की दर दोन गल्ल्यांनंतर रिडेव्हलपमेंटचा एखादा बोर्ड दिसतोच. शेजारशेजारच्या दोन जुन्या सोसायट्या एकत्र आल्या तर प्लॉट मोठा होतो, बिल्डर चांगला मिळतो, पार्किंग नीट होतं. हे सगळ्यांना कळतं. तरीही मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय येतो? ‘चेअरमन कोणाचा?’ दुसरा, ‘त्यांची बिल्डिंग मोठी, मग आमचं कोण ऐकणार?’ आणि तिसरा, ‘आधी लेखी द्या.’

गंमत म्हणजे इतिहासातल्या खऱ्या ‘कॉलनी’, म्हणजे वसाहती, एकत्र येऊन देश बनवायला बसल्या तेव्हाही जवळपास हेच तीन प्रश्न विचारले गेले. शाळेत आपण देश कधी झाला याची तारीख पाठ करतो. पण तो का झाला, शेजारच्या माणसांनी एक व्हायचं का ठरवलं आणि काहींनी ‘नको, आम्ही वेगळेच बरे’ असं का म्हटलं, हा भाग जास्त इंटरेस्टिंग आहे. आणि त्यातली एक गोष्ट तर आपल्या अगदी जवळ घडलीय.

तीन तासांवरची वसाहत

खोपटहून घोडबंदर रोड पकडा, पुढे अहमदाबाद हायवे, तलासरी ओलांडून गुजरातेत शिरलात की उजवीकडे सिल्व्हासाचा रस्ता लागतो. ट्रॅफिकने कृपा केली तर तीनेक तासांचा प्रवास. वीकेंडला रिसॉर्टसाठी जाणारे खूप जण आहेत. पण हा भाग १९५४ पर्यंत पोर्तुगालचा होता, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

तसं पोर्तुगीज राज्य ठाणेकरांना परकं नाही. वसई आणि साष्टीसोबत ठाणंही साधारण दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. आज जिथे ठाण्याचं सेंट्रल जेल आहे तो किल्ला बांधायला त्यांनीच घेतला होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. म्हणजे आपली ‘कॉलनी’ पोर्तुगीजांच्या हातून तेव्हाच सुटली.

दादरा आणि नगर हवेलीचं मात्र उलटं झालं. १७७९ मध्ये मराठे इंग्रजांशी लढत होते आणि पोर्तुगीजांची मैत्री त्यांना हवी होती. शिवाय मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाची भरपाईही द्यायची होती. तहात १२ हजार रुपये महसुलाची गावं देण्याचं ठरलं आणि १७८३ मध्ये नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. दिला होता महसूल, पण पुढे तिथे राज्यच सुरू झालं. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना यातलं काही कोणी विचारलं नव्हतं. एका तहात गावं गेली, माणसं त्यांच्यासोबत गेली.

आता नकाशा बघा. दादरा आणि नगर हवेलीला समुद्र नाही. पोर्तुगीजांचं बंदर दमणला. दमणहून दादरात जायचं तर मधला पट्टा भारताचा. दादरातून नगर हवेलीत जायचं तरी पुन्हा भारत ओलांडायचा. १९४७ नंतर हा पट्टा स्वतंत्र देशाचा झाला आणि पोर्तुगालची पंचाईत झाली.

२२ जुलै १९५४ च्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या स्वयंसेवकांनी दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्व्हासात शिरले. या तुकड्यांमध्ये बरेच मराठी तरुण होते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते आणि बाबासाहेब पुरंदरेही. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. दमणहून कुमक पाठवायची तर भारतातून जावं लागणार होतं आणि भारताने सैन्याला वाट दिली नाही. पोर्तुगीजांचा विषय तिथेच संपला.

सात वर्षं अधांतरी

आपल्याला वाटेल, पोर्तुगीज गेले, मग दुसऱ्या दिवशी हा भाग भारतात आला असेल. तसं झालं नाही. पुढची सात वर्षं दादरा-नगर हवेली कायद्याने कोणाचीच नव्हती असं म्हटलं तरी चालेल. कारभार ‘वरिष्ठ पंचायत’ नावाची स्थानिक मंडळी बघत होती आणि भारत सरकार त्यांना अधिकारी पुरवून मदत करत होतं.

कारण पोर्तुगाल कोर्टात गेला होता. कोर्ट साधंसुधं नाही, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. १९५५ च्या डिसेंबरमध्ये दाखल झालेल्या या केसमध्ये पोर्तुगालचं म्हणणं होतं की दमणहून आमच्या गावांपर्यंत जायचा वाटेचा हक्क आम्हाला आहे आणि भारताने तो मोडला. सोसायटीतल्या ‘आमच्या गेटमधून तुमची गाडी का?’ या भांडणाचा हा सगळ्यात मोठा अवतार म्हणायला हरकत नाही.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने १७७९ च्या तहापर्यंत मागे जाऊन बघितलं आणि सांगितलं की मराठ्यांनी दिला होता तो फक्त महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नाही. पण नंतर इंग्रजांनी आणि भारताने तिथलं पोर्तुगीजांचं राज्य मान्य करूनच व्यवहार केले होते, हेही नोंदवलं. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हता. आणि भारताने जे केलं त्यात काही नियमबाह्य नव्हतं.

मग वाट मोकळी झाली. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. आता अडचण अशी की करारावर सही करायला दोन बाजू लागतात. भारताकडून पंडित नेहरू. दुसऱ्या बाजूने कोण? त्यासाठी तिथे प्रशासक असलेले आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं तिथल्या सरकारचं प्रमुख करण्यात आलं, म्हणजे त्या चिमुकल्या प्रदेशाचे ‘पंतप्रधान’. त्यांनी नेहरूंसोबत सही केली आणि त्यांचं पद संपलं. दहावी घटनादुरुस्ती होऊन ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाली.

हा सगळा खटाटोप कशासाठी? सरळ ताब्यात घेऊन टाकता आलं नसतं का? आलं असतं. पण ‘आम्ही घेतलं’ आणि ‘ते आमच्याकडे आले’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसरं वाक्य जगासमोर टिकतं. आणि दादराची बाजू बघितली तर ४९१ चौरस किलोमीटरच्या, चारी बाजूंनी भारताने वेढलेल्या प्रदेशाला दुसरा पर्याय तरी काय होता? मीठ, कापड, कंदील, बाजार, दवाखाना सगळं पलीकडे. शेजारी एकत्र येण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं. मधली भिंत रोज नडते.

ट्रेन बदला, देश घडवा

हेच कारण ऑस्ट्रेलियातही सापडतं. १९०० पर्यंत ऑस्ट्रेलिया नावाचा देश नव्हता. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया अशा सहा वेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या. प्रत्येकीचं सरकार वेगळं, जकात वेगळी आणि कहर म्हणजे रेल्वेच्या रुळांची रुंदीही वेगळी. सिडनीहून मेलबर्नला जाताना सरहद्दीवरच्या ऑल्बरी स्टेशनवर उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागायचं, कारण पुढचे रूळ जास्त रुंद होते. कल्याणला लोकल बदलायची म्हटली तरी आपल्याला वैताग येतो. इथे तर सामानासकट उतरायचं, वर कस्टमचा अधिकारी पेटी उघडून बघणार.

पण फक्त वैतागाने देश होत नाही. दुसरं कारण होतं भीती. शेजारच्या न्यू गिनीत १८८४ मध्ये जर्मनीने झेंडा लावला. सहा वसाहतींच्या सहा छोट्या फौजा काय करणार, हा प्रश्न उभा राहिला. १८८९ मध्ये न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर हेन्री पार्क्स यांनी टेंटरफील्ड गावातल्या भाषणात एका राष्ट्रीय सरकारची मागणी केली आणि विषयाला वेग आला.

तिसरं कारण सांगायला गोड नाही. ‘बाहेरच्यांना’ रोखण्यासाठी सगळ्यांचा मिळून एक कायदा हवा, ही इच्छाही त्यात होती. देश झाल्यावर त्याच वर्षी, १९०१ मध्ये, आशियाई लोकांना अडवणारा इमिग्रेशन कायदा त्यांनी केला. आणि ज्यांची मूळ जमीन होती त्या आदिवासींना लोकसंख्येत मोजायचंच नाही, असं कलम घटनेत होतं. ते निघालं १९६७ च्या सार्वमताने. एकत्र येताना ‘आपण’ म्हणजे कोण हे ठरतं आणि त्याच क्षणी कोण बाहेर हेही ठरतं. नगर हवेलीच्या वारल्यांना जसं कोणी विचारलं नाही, तसंच इथेही.

‘आधी लेखी द्या’

छोट्या वसाहती मात्र सहज तयार झाल्या नाहीत. टास्मानियाला भीती होती की सिडनी आणि मेलबर्नवाले आपल्याला खाऊन टाकतील. म्हणून तोडगा निघाला की लोकसभेसारख्या सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, पण सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारख्याच. राजधानी कुठे यावरून सिडनी-मेलबर्न जुंपली, तर ठरलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून कमीत कमी १०० मैल लांब. त्यातून कॅनबेरा हे नवं शहर उभं राहिलं.

याचा आपल्याकडचा भाऊ शोधायला लांब जायला नको. विदर्भ संयुक्त महाराष्ट्रात यायचा होता तेव्हा २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं ठरलं. डिसेंबरमध्ये सगळे मंत्री नागपूरला का जातात, असं तुम्ही टीव्हीवर बघून विचारलं असेल, तर हे उत्तर. ती सहल नाही, तो शब्द आहे.

कॅनडाची गोष्ट आणखी सरळ. पश्चिम टोकाच्या ब्रिटिश कोलंबियाने १८७१ मध्ये सामील होताना अट घातली की दहा वर्षांत रेल्वे आणून द्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियालाही रेल्वेची आशा दाखवली गेली. ती रेल्वे पूर्ण झाली १९१७ मध्ये. १९३३ मध्ये तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी ‘आम्हाला बाहेर पडायचंय’ असं मत दिलं. लंडनच्या संसदेने दाद दिली नाही आणि ते राहिले. दाखवलेली आशा आणि हातात पडलेला फायदा यात अंतर पडलं की ‘आपण एक’ हे गाणं बेसूर होतं.

न्यूझीलंडने तर चर्चेला माणसं पाठवून शेवटी ‘नको’ म्हटलं. ऑस्ट्रेलियाच्या घटना-कायद्यात संभाव्य राज्यांच्या यादीत न्यूझीलंडचं नाव आजही आहे. पुढच्या वेळी दोघांची मॅच बघताना आठवा.

क्रिकेटपुरता देश

मॅचचा विषय निघालाच आहे तर वेस्ट इंडिज. हा देश नाही हे तुम्हाला माहीत असेल. पण चार वर्षं तो जवळजवळ देश होता. ३ जानेवारी १९५८ ला कॅरिबियन बेटांवरच्या दहा ब्रिटिश वसाहतींचा संघ झाला, राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. भाषा इंग्रजी, खेळ एक, इतिहास एक. सगळं जुळत होतं.

तरी मोडलं. संघाच्या सरकारकडे स्वतःचे धड कर नव्हते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर मुक्तपणे जाता येत नव्हतं. जकातही एक झाली नव्हती. म्हणजे भिंत तशीच राहिली आणि वर मेंटेनन्स वाढला! संघाची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या जमैकात. आपला पैसा छोट्या बेटांवर जाणार, असं तिथे वाटू लागलं. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन काढता पाय घेतला, त्रिनिदादही निघालं आणि १९६२ च्या मे अखेरीस संघ संपला. क्रिकेट टीम तेवढी टिकली, कारण तिथे एकत्र असण्याचा फायदा प्रत्येक बेटाला दर सामन्यात दिसत होता.

गोव्याने काय सांगितलं

आता शेवटची गोष्ट, जी मराठी माणसाला थोडी टोचते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. लगेच प्रश्न आला की गोवा महाराष्ट्रात जाणार का? १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेले दयानंद (भाऊसाहेब) बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष बहुजन समाजाच्या जोरावर निवडून आला होता. मराठी शाळा, कुळांचा जमिनीवरचा हक्क, हे सगळं महाराष्ट्रात गेल्यावर मिळेल, असं त्यांच्या मतदारांना वाटत होतं. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचं म्हणणं, कोकणी भाषा आणि गोंयकारपण जाईल, आपण एका मोठ्या राज्याचा छोटा जिल्हा होऊन बसू.

मतदान १६ जानेवारी १९६७ ला झालं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता. चिन्हं दोनच होती. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. माझ्यासारख्या मीडियाच्या विद्यार्थ्यांसाठी यातली सगळ्यात भारी गोष्ट अशी की विलीनीकरणाविरुद्धचा मोठा प्रचार चक्क मराठी दैनिकातून झाला. मडगावच्या ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजत होतं. मराठी वाचणारा माणूस महाराष्ट्रात यायला तयार असेलच, हे गृहीत धरणाऱ्यांना ते मराठीतलंच उत्तर होतं.

निकाल असा लागला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच सत्तेवर बसवलं! म्हणजे ‘नेता आवडतो, पण त्याचा हा निर्णय नको’ असंही मतदार म्हणू शकतो. फक्त त्याला तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो. पुढे ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झाला.

दादरा आणि गोवा, दोन्ही पोर्तुगीजांच्या वसाहती, दोन्ही भारतात आल्या. पण गोव्याला पुढचा प्रश्न विचारला गेला तेव्हा भाषेची जवळीक पुरली नाही. भारतात येऊन मधली भिंत आधीच पडली होती. महाराष्ट्रात जाऊन आणखी काय मिळणार, हे अर्ध्याहून जास्त लोकांना पटलं नाही. आणि जे जाणार ते मात्र स्पष्ट दिसत होतं.

मग हिशेब काय?

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की एक ढोबळ यादी तयार होते. भिंत रोज नडत असेल, बाहेरची भीती असेल, फायदा डोळ्यांना दिसत असेल आणि छोट्याला लेखी हमी मिळत असेल, तर शेजारी एकत्र येतात. ‘आपली भाषा एक, संस्कृती एक’ हे भाषणात पहिलं येतं, पण हिशेबात बरंच खाली असतं. ते लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि हे जुन्या देशांपुरतं नाही. आपल्या शेजारी कल्याण-डोंबिवलीत २७ गावांचा प्रश्न वर्षानुवर्षं चाललाय. गावं महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली आणि तरी वेगळ्या नगरपालिकेची मागणी थांबली नाही. तिथलं बोलणं ऐका. पाणी कधी येणार, टॅक्स किती वाढणार, आमच्या जमिनींचं आरक्षण कोण ठरवणार? टास्मानियाचे आणि जमैकाचेच प्रश्न, फक्त आगरी बोलीत.

आपल्यापैकी बरेच जण पहिल्यांदा मतदान करणार आहेत किंवा नुकतंच केलंय. देश बनवायची वेळ आपल्यावर येणार नाही. पण गाव महापालिकेत जाणार, जिल्हा तुटणार, कॉलेज मोठ्या विद्यापीठात विलीन होणार, असे निर्णय आपल्या आजूबाजूला होतच राहतील. २०१४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०२० मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. तेव्हा ‘एकी हेच बळ’ असं म्हणून टाळी वाजवण्याआधी किंवा ‘आमचं वेगळंच बरं’ म्हणून हटून बसण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. छोट्याला काय लिहून दिलंय? आणि ज्यांच्या अंगणातून रेघ जाणार आहे, त्यांना कोणी विचारलं का?

नगर हवेलीच्या गावांना १७७९ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही. गोव्याला १९६७ मध्ये विचारला. मधल्या १८८ वर्षांत जे बदललं, त्यालाच आपण लोकशाही म्हणतो.